तुझ्या नावाचं लायसन

सन २०२३. मी पंचाहत्तर वर्षांचा होतो, तू एक्क्याऐंशीची. कॉफीचा लोटा माझ्यापुढे ठेवता ठेवता तू म्हणालीस, "बाबू, अंगडी बंद करू या."

मला वाटलं, त्या दिवसापुरतं म्हणतेस. गुडघे धरले असतील. मी म्हटलं, "तू पड घरी. मी उघडतो जाऊन."

"आजची नव्हे रे. कायमची."

मी कॉफी प्यायलो, लोटा विसळून पालथा घातला आणि चपला घालून दुकानात निघून गेलो. तुझ्या बोलण्याला उत्तर न देता उठून जाणं मला फार चांगलं जमायचं. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू मागून हाकही मारली नाहीस.

अक्का, समाजाच्या मासिकासाठी तुझ्यावर लिहून द्या असा निरोप आलाय. जन्म कुठला, सासर कुठलं, सभागृहाला देणगी किती दिली, हे सगळं विद्या लिहून देईल. तुझी लेक आहे, शिकलेली आहे. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, तेही कन्नड शाळेत. मला तुझ्याबद्दल लिहिता येत नाही. तुझ्याशी भांडता तेवढं येतं, आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलंय.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं सांगतो, तू जरा थांब. बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या बाजारामागच्या गल्लीत आमची गिरवीची अंगडी, म्हणजे दुकान. लोक सोनं ठेवतात, पैसे नेतात, वर्षाचं व्याज भरून चिठ्ठी नवी करून घेतात, आणि जमलं की मुद्दल देऊन सोनं सोडवून नेतात. लायसन आधी भावोजींच्या नावावर होतं. ते गेले तेव्हा विद्या पाळण्यात होती. चुलते म्हणाले, दुकान विकून टाक. तू पदर खोचून कचेरीत गेलीस आणि स्वतःच्या नावाचा अर्ज दिलास. तिथल्या साहेबांनी विचारलं होतं, "अम्मा, सोनं पारखणार कोण?" तू म्हणालीस, "माझा भाऊ. बोलायला वाईट आहे, पण त्याच्या हाताला सोनं कळतं." मी तेव्हा एका सोनाराकडे पॉलिशला बसायचो. तू बोलावलंस, मी आलो. खालचं घर तुझं, वरची खोली माझी, मधे जिना. लग्न मी केलं नाही. ते का, ते तुला माहीत आहे, इतरांना काय करायचंय.

तर अंगडी बंद करायची. मी समजत होतो, शटर ओढलं, कुलूप घातलं, संपलं.

"तसं चोर करतात," तू म्हणालीस. "लायसन घेताना सरकारपुढे हात जोडले होते, सोडताना पण जोडावे लागतात."

कचेरीतून सगळं विचारून आली होतीस. संध्याकाळी मला समोर बसवून शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलंस. आजपासून नवीन गहाण घ्यायचं नाही. ज्यांचं सोनं आपल्याकडे आहे त्या प्रत्येकाला रजिस्टर पोस्टाने कळवायचं. पेपरात नोटीस द्यायची, एक कन्नड पेपरात, एक इंग्रजी. एक नोटीस दाराला लावायची. लोकांना मुदत द्यायची. मुदतीत जे येतील त्यांचं सोनं हिशेब करून परत. जे येणार नाहीत त्यांचं सरकारमान्य लिलाववाल्याकडून जाहीर लिलावात काढायचं, आपलं मुद्दल-व्याज वळतं करून वर जे राहील ते ज्याचं सोनं त्याला द्यायचं. तो माणूस सापडलाच नाही तर त्याच्या नावाने कचेरीत भरायचं. मधे कचेरीतलं माणूस येऊन पुड्या मोजणार. सगळं जुळलं की अस्सल लायसन परत करायचं, मग आपलं डिपॉझिट सुटणार. आणि एवढं करून पुढे कित्येक वर्षं वह्या सांभाळून ठेवायच्या.

"अंगडी गेली तरी वह्या?" मी विचारलं.

"होय की. कुणी मागितलं तर दाखवायला नको?"

"म्हणजे मेल्यावरही हिशेब मागणार."

"मागू देत. आहे आपल्याकडे."

मी सगळ्याला मान डोलावली आणि म्हटलं, "लिलाव नाही. बाकी काय ते कर."

तू म्हणालीस, "लिलावाशिवाय होत नाही, बाबू."

"मग बंदही होत नाही."

आणि उठून गेलो.

माझं कारण तुला पाठ होतं. भावोजींपासून आजपर्यंत आपल्या दुकानातलं सोनं कधी बोलीवर चढलं नाही. बाजारात मी मान वर करून चालायचो ते याच्या जोरावर. दुसऱ्या दुकानांच्या लिलावाच्या नोटिसा पेपरात यायच्या, ते पान मी मुद्दाम चहाच्या ग्लासाखाली घ्यायचो. हॉटेलात, देवळात, केस कापताना, जो भेटेल त्याला सांगायचो, आमच्याकडे लिलाव होत नाही. कुणाची चिठ्ठी जुनी झाली तर मी मुदत द्यायचो. अजून एक वर्ष, अजून एक. बाजारात मला सगळे अण्णा म्हणतात; बायका म्हणायच्या, अण्णांच्या कपाटात ठेवलं म्हणजे आपल्याच घरात ठेवलं. ते ऐकलं की मला दोन घास जास्त जायचे.

तू एकदा म्हणालीस, "मुदत म्हणजे काय रे? आणखी एक वर्षाचं व्याज."

"सोनं तर तिचंच राहतं ना."

"राहतं. आपल्या कपाटात."

मी म्हटलं, तुला धंद्यातली इज्जत कळत नाही. तू हसलीस. तुझ्या त्या हसण्याचा मला फार राग यायचा. आता वाटतं, रागावण्याऐवजी का हसतेस एवढं तरी विचारायला हवं होतं.

दाराला नोटीस लागली तो दिवस आठवतो का? सकाळपासून अर्धा बाजार वाचून गेला. समोरचा भांडीवाला शेट्टी आत येऊन हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, बुडालात की काय? सांगायचं नाही का?" माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात तू आतून म्हणालीस, "शेट्टी, बुडणारा नोटीस लावत नाही. तो रात्रीतून टेम्पो भरतो. तुमचे वरचे भाडेकरू कसे गेले, आठवतंय ना?" शेट्टी खो खो हसला. जाताना दोन पातेली स्वस्तात देतो म्हणाला, आता घरात बसून स्वयंपाक करा. पेपरातल्या नोटिशीत तुझं नाव छापून आलं, तर हुबळीची मावशी फोनवर रडायलाच लागली. तिला वाटलं, पेपरात नाव म्हणजे तू गेलीस. तिला समजावता समजावता तुझी पुरेवाट झाली. शेवटी तू म्हणालीस, "मावशी, मी गेले असते तर फोन बाबूने उचलला असता, आणि तो एवढं बोलला असता का?"

ती थट्टा होती. गेल्या महिन्यात तिचा फोन खरंच मी उचलला. आणि मला खरंच बोलता आलं नाही.

लिलाव नको, तर मग एकच वाट होती, सगळ्यांनी सोनं सोडवून न्यायला हवं. पोस्टाची पत्रं परत यायला लागली. घर सोडून गेले, पत्ता मिळत नाही. मी तुला म्हटलं, पोस्टमन शोधत नाही, मी शोधतो. त्या वर्षी मी बेंगळुरू जेवढं पाहिलं तेवढं आयुष्यात पाहिलं नव्हतं. ज्या गल्लीत चाळी होत्या तिथे मोठाल्या इमारती, आणि खाली वॉचमन विचारतो, कोण पाहिजे. आपली शिवणकामवाली एक बाई केंगेरीच्या पुढे सापडली, तिच्या सुनेनं मला आधी वसुलीवाला समजून दार लावून घेतलं. व्हाइटफील्डला विद्याकडे मुक्काम करून आजूबाजूला फिरलो. विद्या म्हणायची, "मामा, या वयात हे काय लावलंयस, मी ऑनलाइन शोधते ना." मी म्हटलं, माझी माणसं त्यात नाहीत.

संध्याकाळी परतलो की तू जिन्याच्या खालच्या पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा. "आज कोण मिळालं?" विचारायचीस. मी सांगायचो. तू ऐकायचीस, एखाद्या बाईच्या लग्नापासूनची सगळी हकिकत तुझ्या लक्षात असायची. लोक येत गेले. कुणी मुलाकडून पैसे मागून, कुणी भिशी उचलून सोनं सोडवलं. कपाट रिकामं होत चाललं. मी रोज तुला दाखवायचो, बघ, लिलावाशिवाय होतंय. तू म्हणायचीस, "होतंय खरं."

तू कौतुकच करत होतीस ना, अक्का? की माझ्या पायांकडे बघत होतीस? मला दोन्ही वाटतं.

शेवटी मूठभर पुड्या राहिल्या. बहुतेकांच्या मालकांचा पत्ताच नव्हता. पत्ता असलेली एकच, गौरम्मा. ती काही लांब नव्हती, आपल्याच क्रॉसच्या, आडव्या गल्लीच्या, तोंडाशी झाडाखाली तिची इस्त्रीची गाडी. कोळशाची ती वजनदार इस्त्री, दिवसभर धूर, डोळे कायम लाल. तिच्या आईची ओले-झुमकी, कानातली आणि खाली लोंबणारे झुमके, आपल्याकडे कितीतरी वर्षं होती. दर वर्षी व्याज आणून द्यायची, चिठ्ठी नवी करून न्यायची. मुद्दल मात्र तिला कधी जमलं नाही. मी एकदा तिला म्हटलं, अंगडी बंद होतेय, तशीच घेऊन जा. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, माझ्या आईचं आहे. भीक घातल्यासारखं नका देऊ." मला तिचा मानीपणा आवडला. घरी येऊन तुला कौतुकाने सांगितलं. तू म्हणालीस, "मग तिने करायचं काय?"

"थांबेल. जमेल तिला."

"बाबू, तू मुदत देतोस ती तिच्यासाठी नाही रे. तुझ्या नावासाठी देतोस."

हे तू पहिल्यांदाच एवढं स्पष्ट म्हणालीस. मी जेवण टाकून वर गेलो. तू वर आली नाहीस, तुझे गुडघे जिना चढत नव्हते. खालूनच म्हणालीस, "दही तरी खाऊन जा."

कचेरीतल्या मॅडमकडून तू दोनदा वाढीव वेळ मागून आणलास. त्या तुला विचारायच्या, "अम्मा, लायसन तुमचं, सही तुमची. भावाचं काय अडलंय? तुम्ही अर्ज द्या, लिलाववाला येईल, संपेल." हे मला तू नाही सांगितलंस. मॅडमनीच सांगितलं, नंतर. तू त्यांना म्हणाली होतीस, "तो दुकानात बसला म्हणून मी सही करत आले. त्याचं मन झाल्याशिवाय नको."

आता ती एक गोष्ट सांगायला हवी, जी दुसऱ्या कुठल्या गिरवीच्या दुकानात होत असेल असं मला वाटत नाही. वरमहालक्ष्मीचा सण. इथे घरोघर कलशाला साडी नेसवून लक्ष्मी मांडतात, दागिने घालतात, बायका नटतात. तुझ्या नावावर लायसन आलं त्याच वर्षी, सणाच्या आदल्या दिवशी एक बाई दारात उभी राहिली. सोडवायला पैसे नव्हते. नुसती उभी. तू विचारलंस, काय गं. ती म्हणाली, उद्या लक्ष्मी बसवायची आणि माझा गळा मोकळा. तू कपाट उघडून तिची पुडी दिलीस. परवा आण म्हणालीस. नियमाने असं चालत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती बाई ताम्हनात विडा, खण आणि तिचं सोनं घेऊन आली. तेव्हापासून दर वर्षी हे चालू राहिलं. सणाच्या आदल्या दिवशी दारात बायकांची रांग, सणानंतर विड्याच्या पानांचा ढीग. एकही पुडी कधी परत यायची राहिली नाही. तू त्या ढिगातलं पान खाऊन लाल तोंडाने वह्या लिहायचीस.

या वर्षी सण आला तेव्हा मीच म्हटलं, "यंदा बंद. मॅडम कधीही मोजायला येतील." तू म्हणालीस, "सरी." बरं, एवढंच.

आणि सणानंतर आठवडा गेला नसेल, मॅडम आल्या. टेबलावर पुड्या मांडल्या. एक-एक उघडून वहीशी ताडून बघत होत्या. गौरम्माची पुडी उघडली, आत नुसता दोरा.

मी पुडी उचलून उलटी करून बघितली. तू मात्र खुर्चीत नीट बसलीस आणि कन्नडमध्ये म्हणालीस, "सणाला घालायला दिलंय, मॅडम."

मॅडमना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "असं चालतं का, अम्मा?"

"नाही चालत."

"मग?"

"आणून देईल ती. स्वल्प वेळ द्या."

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "बत्तीस वर्षं नोकरी केली, असं तोंडावर सांगणारं कुणी भेटलं नाही. पुढच्या महिन्याची तारीख देते. तोपर्यंत दिसलं नाही तर मला लिहावं लागेल."

घरी जाताना ऑटोत मी तुझ्यावर तुटून पडलो. रस्ताभर. वर्षभर मला कायदा शिकवलास, लिलाव कर म्हणून डोकं खाल्लंस, आणि स्वतः काय केलंस. मी उन्हातान्हात फिरलो आणि तू घरबसल्या माझ्या तोंडाला काळं फासलंस. तुझ्या नावाचं लायसन, आता त्याच्यावर शेरा पडणार. ऑटोवाला आरशातून बघत होता. तू पदर हातात गुंडाळत बसलीस. सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा तू म्हणालीस, "बाबू, त्यात एक सांगायचं होतं तुला."

मी म्हटलं, "मला काही सांगू नकोस."

"ऐक तरी."

"एक शब्द नको."

गौरम्माच्या गाडीवर ताडपत्री बांधलेली. सणाला लेकीकडे तुमकूरला गेली होती, ती आली नव्हती. ते पाहून मी आणखी पेटलो. चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू उप्पीट करून ताट झाकून जिन्याच्या पायरीवर ठेवायचीस. मी खायचो, ताट धुऊन तिथेच ठेवायचो. एवढंच आपलं दळणवळण.

पाचव्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. तू खिडकीपाशी पेपर घेऊन बसली होतीस. मी चपला घातल्या. तू पेपरातून मान वर न करता विचारलंस, "किल्ली घेतलीस का?"

मी खिशातली किल्ली वाजवून दाखवली. बोललो नाही.

दुपारी शेजारच्या वहिनींचा फोन आला. मी आलो तेव्हा तुझा चष्मा जमिनीवर होता आणि पेपर मांडीवरच. माणसं म्हणतात, भाग्याचं मरण. म्हणोत. तुझ्या कानावर पडलेलं माझं शेवटचं काही असेल तर ती किल्ली. हो म्हणायला किती वेळ लागतो, अक्का? नुसतं हो.

बाराव्या-तेराव्याचं सगळं विद्याने केलं. क्रॉसवर तुझ्या फोटोचा फ्लेक्स लावला होता समाजाने, त्यात तू माझ्याचकडे बघतेयस असं वाटायचं, म्हणून मी दुसऱ्या रस्त्याने जायचो. तेरावं झाल्यावर विद्या जवळ बसून म्हणाली, "मामा, कचेरीतून फोन होता. लायसनधारक गेल्यामुळे आता वारसाने अर्ज द्यायचा, डेथ सर्टिफिकेट जोडायचं. सही मी करू शकते. पण आईने मला बजावलेलं, मामा हो म्हणेपर्यंत लिलावाच्या कागदावर सही करायची नाही. म्हणून मी थांबलेय. तू घाई करू नकोस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ते गौरम्माचं, आपण आपले पैसे टाकून सोडवलं असं दाखवू या का? म्हणजे आईच्या नावाला काही लागणार नाही."

मी नाही म्हटलं. मॅडमसमोर तू जे खरं सांगितलंस त्याच्यावर मी खोटं लिहायचं, हे मला जमणार नव्हतं. पण रागही गेला नव्हता, हे तुला सांगतो. मी मनात म्हणत होतो, अक्का, शेवटी डाग लावून गेलीस.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अर्धं शटर वर करून बसलो. करायला काही नव्हतं. दुपारी शटरखालून वाकून कुणी आत आलं. गौरम्मा. कोळशाचा वास तिच्या आधी आत आला. बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं, बराच वेळ रडली. मग कमरेची पुरचुंडी सोडून ओले-झुमकी टेबलावर ठेवली.

"क्रॉसवर फोटो बघितला तेव्हा कळलं," ती म्हणाली. "निरोप आला नाही म्हणून तिकडेच थांबले होते."

"कसला निरोप?"

"अक्कांचा." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला बोलल्या नाहीत?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अक्का म्हणाल्या, सणाला घाल. मग लेकीकडे जा, तिलाही घालू दे, नातीला दाखव. मन भरेपर्यंत ठेव. मग लिलावात देऊ. दुकानाचं वजा होऊन वरचे पैसे तुझ्या हातात येतील, गॅसवरची इस्त्री घे, हे डोळे संभाळ. अण्णांशी मी बोलते. ते हो म्हणाले की निरोप पाठवते, मग घेऊन ये."

"आणि तू कबूल झालीस? आईचं आहे म्हणालीस ना मला?"

"अण्णा, भीक नको म्हटलं. विकायला नको कुठे म्हटलं?" तिने झुमक्याला बोट लावलं, तो हलला. "किती वर्षं झाली व्याज भरून. माझ्या कानात कमी, तुमच्या कपाटातच जास्त. मला सोडवणं होणार नव्हतं, तुम्हालाही माहीत होतं. पहिल्यांदाच लिलावात गेलं असतं तर वरचे पैसे हातात आले असते आणि व्याज थांबलं असतं. आता दर वर्षीचं व्याज देऊन बसले."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस, करा लिलाव म्हणून?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही सगळ्या बाजाराला सांगायचात, आमच्याकडे लिलाव होत नाही. गाडीपाशी उभं राहून मलासुद्धा सांगितलंत. तुमच्या मानाचं होतं ते. माझ्या तोंडून कसं येणार?"

ती गेल्यावर मी झुमकी पुन्हा पुडीत बांधली. किती बायकांनी माझा मान राखायला वर्षानुवर्षं व्याज भरलं असेल? मला ते मोजता येत नाही, आणि आता ज्यांना विचारावं त्यांचं सोनं मी मोठ्या हौसेनं घरोघर हिंडून परत केलंय. काहींना त्यासाठी भिशी उचलायला लावली. तू रोज विचारायचीस, आज कोण मिळालं. मी सांगायचो. तू तांब्या भरून द्यायचीस.

खरं सांगतो, त्या दिवशी ऑटोत मी ऐकलं असतं तरी नाहीच म्हटलं असतं. मला मी ओळखतो. मी म्हटलं असतं, गौरम्माला तू फितवलंस. पण तू जेवताना पुन्हा म्हणाली असतीस. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना पुन्हा. आपली सगळी भांडणं अशीच तर सुटली. विद्याला परगावी शिकायला पाठवायचं भांडण पूर्ण उन्हाळा चाललं, मी म्हणत होतो नको, आणि तिला स्टेशनवर सोडायला मीच गेलो. या वेळीही झालं असतं. तुला फक्त थोडा वेळ हवा होता आणि तो मी माझ्या रागासाठी ठेवून घेतला.

तू लायसन घेऊन स्वतः कचेरीत जाणार होतीस. ठेवणीतली पाटलीपल्लू साडी काढून ठेवली होतीस, विद्याने सांगितलं. मॅडमच्या हातात देऊन म्हणणार होतीस, बघा, कुणाचं काही राहिलं नाही. माझ्यामुळे ते तुझ्या हातून झालं नाही. हे आता बदलत नाही. तुझे उपकार मोजायला बसलो तर, भावोजींच्या खुर्चीत मला बसवलंस तिथपासून मोजावे लागतील, आणि त्यात सगळ्यात मोठा हा की स्वतःच्या सहीचा हक्क असून तू एका हट्टी माणसासाठी थांबलीस. त्या थांबण्याची मला लाज वाटते आणि आधारही.

संध्याकाळी विद्याला फोन केला. म्हटलं, कागद तयार ठेव. ती म्हणाली, "मामा, नक्की?" मी म्हटलं, रविवारी ये, सही कर, आणि इडलीचं पीठ आण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी कचेरीत गेलो. झाडलोट चालू होती. मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. त्या आल्या, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलल्या, मग विचारलं, "अण्णा, ती कानातली?" मी पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी उघडली, वजन केलं, कागदाशी ताडून बघितली. जुळलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"लिलावाची तारीख द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर नको म्हणत होता."

"मी म्हणत होतो," मी म्हटलं. "लायसन अक्काचं आहे."